‘आय-फाइव्ह आहे ना?’

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाची धावपळ संपत आली की मध्यमवर्गीय घरांत एक वाटाघाट सुरू होते. मुलाला ‘इंजिनीअरिंगसाठी’ कॉम्प्युटर हवा असतो. त्यावर कोडिंगबरोबर व्हॅलोरंटही चालणार, हे बाबांना माहीत असते. बाबांना ते माहीत आहे, हे मुलालाही माहीत असते. मग पन्नास-साठ हजारांचा आकडा कसाबसा ठरतो आणि दोघे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या ओळखीच्या दुकानात जातात. मुलगा दोन आठवडे व्हिडिओ पाहून ‘रायझन फाइव्ह ५६००’ घ्यावा की ‘कोअर आय-फाइव्ह १२४००एफ’ या पेचात पडलेला असतो. बाबांचा दुकानदाराला एकच प्रश्न असतो: ‘आय-फाइव्ह आहे ना?’

मुलाचा प्रश्न फार बारीक आणि बाबांचा फार ढोबळ. पैसे मात्र या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेतच वाया जातात.

आधी मुलाच्या प्रश्नाकडे पाहू. इंटेलची १२४००एफ ही चिप जानेवारी २०२२ मध्ये बाजारात आली, एएमडीची ५६०० त्याच वर्षी एप्रिलमध्ये. दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड. दोघींचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्‌झ. दोन्हींच्या खोक्यावर ६५ वॉट लिहिलेले आणि दोन्हींसोबत खोक्यातच पंखा मिळतो. वयाने त्या आता जुन्या झाल्या, त्यांच्यानंतर नव्या पिढ्या येऊन गेल्या. तरी स्वस्तातला गेमिंग कॉम्प्युटर म्हटले की अजूनही या दोघींचीच नावे पुढे येतात, कारण दोन्ही डीडीआर-४ या जुन्या प्रकारच्या मेमरीवर चालतात. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे २०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव जगभर चढले आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमधली रॅम नव्यात वापरता येते का, हा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा झाला.

चिपांच्या आतली रचना मात्र वेगळी आहे. ५६०० मध्ये ‘एल-थ्री कॅश’ या झटपट मेमरीचा साठा ३२ मेगाबाइट आहे, १२४००एफ मध्ये १८. कॅश म्हणजे स्वयंपाकघरातली मांडणी आणि रॅम म्हणजे कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान. मांडणीवरची वस्तू दहा नॅनोसेकंदांच्या आसपास हाताशी येते. रॅमकडे जाऊन यायला साठ-सत्तर, कधी ऐंशी नॅनोसेकंद लागतात. ४.४ गिगाहर्ट्‌झच्या चिपसाठी सत्तर नॅनोसेकंद म्हणजे तीनशेहून अधिक ठोके नुसते बसून काढणे. मग साठा मोठा असलेली ५६०० सरळ पुढे का जात नाही? कारण एएमडीने ही चिप दोन तुकड्यांत बांधली आहे. आकडेमोड करणारा तुकडा वेगळा आणि मेमरीशी बोलणारा वेगळा, त्यामुळे वाण्याचे दुकानच थोडे लांब पडते. दुकान लांब असलेल्या घरात साठवणीचे डबे मोठे लागतात, तसेच हे. इंटेलची चिप एकाच तुकड्यात आहे, तिचा प्रत्येक कोअर एका ठोक्यात अधिक सूचना हाताळू शकतो आणि त्याच्या अगदी शेजारची ‘एल-टू’ कॅशही मोठी आहे: सव्वा मेगाबाइट, ५६०० मध्ये अर्धा. दोन कंपन्या दोन वाटांनी निघाल्या आणि जवळजवळ एकाच मुक्कामाला पोचल्या. या खेळात ही पुढे, त्या खेळात ती. सरासरी काढली तर फरक मोजक्या टक्क्यांचा.

हे मोजके टक्केही मुलाला स्वतःच्या टेबलावर दिसणार नाहीत, आणि व्हिडिओंमध्ये नेमके हेच नीट सांगितले जात नाही.

खेळातले प्रत्येक चित्र दोन जण मिळून तयार करतात. कोण कुठे उभा आहे, गोळी कोणत्या दिशेने गेली, दार उघडे की बंद हा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून रंग, सावल्या आणि प्रकाश ग्राफिक्स कार्ड रंगवते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हवी असतील तर जेमतेम ६.९. समजा, एक प्रोसेसर सेकंदाला १५० चित्रांचा हिशेब करू शकतो, दुसरा १४० आणि ग्राफिक्स कार्डाची रंगवण्याची ताकद ८० चित्रांची आहे. पडद्यावर दोन्ही वेळा ८०च दिसणार. पोळ्या लाटणाऱ्या दोघी असल्या तरी तवा एकच असेल तर ताटात पोळ्या तव्याच्याच वेगाने पडतात.

प्रोसेसरची चाचणी घेणारे लोक मुद्दाम बाजारातले सर्वांत महाग ग्राफिक्स कार्ड लावतात, म्हणजे तवा आड येत नाही आणि लाटणारीचा खरा वेग कळतो. पद्धत शास्त्राला धरून आहे, यात फसवणूक काही नाही. पण ती चाचणी ‘कोणती चिप अधिक वेगवान’ याचे उत्तर देते. ‘माझ्या पन्नास हजारांत काय बसवू’ याचे नाही. ज्याच्या कॉम्प्युटरमध्ये आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ३०६० यांसारखे कार्ड बसणार आहे, त्याने लाखाच्या कार्डावर काढलेल्या आलेखातले तीन-चार टक्के पाहून प्रोसेसर निवडणे म्हणजे धावपट्टीवरचा वेग पाहून सिंहगड रस्त्यासाठी गाडी घेणे.

अपवाद आहेत आणि ते सांगायलाच हवेत. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या स्पर्धेच्या खेळांत चित्रे साधी असतात, कार्डाला फार काम पडत नाही, आणि तिथे प्रोसेसर व मेमरीचा वेग थेट दिसतो. तिथेही दोन्ही चिपा साध्या मॉनिटरला पुरून उरतात. मॉनिटर ६० किंवा ७५ हर्ट्‌झचा असेल तर सेकंदाला दोनशे चित्रे बनली काय आणि अडीचशे काय, पडदा तेवढी दाखवतच नाही. सरासरीपेक्षा अधिक पाहायचा तो खेळ मध्येच अडखळण्याचा आकडा. चाचण्यांत तो ‘एक टक्का लो’ या नावाने येतो. सरासरी नव्वद असूनही दर काही सेकंदांनी चित्र अडकत असेल तर तो खेळ नव्वदचा वाटत नाही. आणि हा अडखळा बहुतेकदा प्रोसेसरच्या नावामुळे नसतो. १६ जीबीची एकच रॅमपट्टी लावल्यामुळे असतो. ८-८च्या दोन पट्ट्या लावल्या की मेमरीचे दोन रस्ते खुले होतात. एकच पट्टी लावली तर या दोन्ही चिपांचे जे नुकसान होते, ते त्यांच्या आपसातल्या फरकाहून अनेकदा मोठे असते. रॅमच्या पाकिटावर छापलेला वेगही आपोआप मिळेलच असे नाही. पुष्कळदा बायोसमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. कित्येक दुकानांत तो चालू न करताच मशीन हातात दिले जाते आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे अर्धवट वेगावर समाधानी असते.

पुढे जाऊन प्रोसेसर बदलता येईल का, हा मुद्दा वादात फार रंगतो. पूर्वी एएमडीचे पारडे इथे जड होते, कारण तिचे ‘एएम-४’ सॉकेट २०१६-१७ पासून कित्येक वर्षे टिकले. त्याच बोर्डावर नंतर ९६ मेगाबाइट कॅशच्या, खास खेळांसाठीच्या चिपा बसवता येतात, हे आकर्षण होते. पण त्या आता नव्या मिळणे दुर्मीळ झाले आहे. इंटेलच्या ‘एलजीए १७००’ सॉकेटवर तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या चिपा बसतात. मात्र त्याच पिढ्यांतल्या अनेक चिपा जादा व्होल्टेजमुळे कालांतराने अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, दुरुस्तीचे सॉफ्टवेअर काढले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बारावी पिढी, म्हणजे आपली १२४००एफ, त्या घोळात नाही. पुढे तेरावी-चौदावी पिढी बसवायचा विचार असेल तर मदरबोर्डाचे बायोस ताजे करून घेणे आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलने नवे सॉकेट आणले, एएमडी २०२२ मध्येच ‘एएम-५’वर गेली. दोन्ही गल्ल्या पुढे बंद आहेत. ज्यांना चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून मशीन ताजे करायचे आहे, त्यांनी थोडे अधिक पैसे घालून एएम-५चाच विचार करावा. मात्र त्यावर डीडीआर-५ मेमरीच चालते आणि तिचा भाव पाहून हा विचार पुष्कळांना बदलावा लागेल.

मग निवड करायची कशावर? ज्या आठवड्यात खरेदी करायची त्या आठवड्यात प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची बेरीज ज्या बाजूला कमी येईल ती बाजू घ्यावी. नुसती चिपची किंमत पाहू नये, कारण चिप हजाराने स्वस्त आणि बोर्ड दोन हजारांनी महाग असे सर्रास घडते. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. आयुष्यभर एएमडीवर किंवा इंटेलवर श्रद्धा ठेवणाऱ्यांना हे फारच रुक्ष वाटेल. असो.

फक्त एका बाबतीत विद्यार्थ्याच्या घराने इंटेलकडे थोडे झुकायला हरकत नाही, आणि त्याचे कारण खेळाशी संबंधित नाही. १२४००एफ मधला ‘एफ’ म्हणजे या चिपेत चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नाही. ५६०० मध्येही ती नाही. ग्राफिक्स कार्ड बिघडून वॉरंटीसाठी सर्व्हिस सेंटरला गेले, आणि ते परत यायला कधी कधी आठवडे लागतात, की मशीन पूर्ण बंद. खेळ बंद होणे ठीक. पण असाइनमेंट, ऑनलाइन परीक्षा, प्रकल्प सगळेच अडते. ‘एफ’ नसलेल्या साध्या १२४०० मध्ये छोटी ग्राफिक्स चिप अंगचीच असते. सुरुवातीला अमेरिकेत दोन्हींच्या यादीतल्या किमतींत २५ डॉलरचा फरक होता. दुकानात हा फरक हजार-दोन हजारांवर मिटत असेल तर पाच टक्के वेगापेक्षा ही सोय मोलाची आहे. कार्डासाठी आत्ता पैसे नाहीत, दिवाळीत घेऊ म्हणणाऱ्यांना तर ‘एफ’ची चिप चालणारच नाही, पडद्यावर काहीच उमटणार नाही. हे माहीत नसल्याने नवी मशीन घरी आणून ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून परत दुकान गाठणारे कमी नाहीत.

आता बाबांचा प्रश्न. ‘आय-फाइव्ह आहे ना?’ याला दुकानदार ‘हो’ म्हणतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण आय-फाइव्ह हे नाव २००९ पासून चालू आहे. २०११ची आय-फाइव्ह २४०० ही चिपही आय-फाइव्हच: चार कोअर, चार थ्रेड, डीडीआर-३ मेमरी. ऑनलाइन बाजारात ‘आय-फाइव्ह गेमिंग पीसी, १६ जीबी, आरजीबी लाइट’ अशी पंधरा-वीस हजारांची जी मशीन दिसतात, त्यांतल्या कित्येकांत कार्यालयांतून भंगारात निघालेल्या याच जुन्या पिढ्यांच्या चिपा असतात, बाहेरून काचेचा नवा डबा आणि इंद्रधनुषी पंखे. जुना माल विकणे हा गुन्हा नाही. कमी पैशांत टायपिंग आणि अभ्यास करायचा असेल तर तो उपयोगीही आहे. वय लपवणे मात्र आक्षेपार्ह आहे. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या चिपांना अधिकृतपणे मान्यता देत नाही. म्हणजे ‘नवी’ म्हणून घेतलेली मशीन पहिल्या दिवसापासून सुरक्षेच्या अपडेटविना. विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते, ते त्या बोर्डांवर नसते. ज्या खेळासाठी एवढा हट्ट केला तोच दारात अडवतो.

एएमडीच्या नावांतही गुंतागुंत आहेच. ५६००, ५६००एक्स, ५६००जी, ५५०० ही नावे ऐकायला भावंडे वाटतात. पण ५६००जी आणि ५५०० मध्ये कॅश निम्मी, १६ मेगाबाइट, आणि ग्राफिक्स कार्डाकडे जाणारा रस्ताही जुन्या, निम्म्या वेगाच्या पिढीचा. कोटेशनवर नुसते ‘रायझन ५’ लिहिले की यांतले काहीही बसवता येते. गंमत म्हणजे इंटेलने २०२३ पासून नव्या चिपांच्या नावातून तो ‘आय’ काढायला सुरुवात केली. दुकानात मात्र तो अजून अमर आहे.

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर महिना आणि वर्ष छापावे लागते. पंचवीस हजारांच्या जोडून दिलेल्या कॉम्प्युटरची जाहिरात करताना आतली चिप कोणत्या वर्षाची हे सांगण्याची सक्ती का असू नये? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणाऱ्या जाहिरातीला दिशाभूल करणारी जाहिरात म्हणतो आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला कारवाईचे अधिकार देतो. नवा कायदा करण्याची गरज नाही. विक्रीच्या पानावर प्रोसेसरचे पूर्ण मॉडेल, तो नवा की वापरलेला, आणि मदरबोर्ड व एसएमपीएसची कंपनी एवढ्या गोष्टी अनिवार्य करणारी सूचना प्राधिकरणाने काढली तरी अर्धी लुबाडणूक थांबेल. ऑनलाइन विक्री करणाऱ्या बड्या मंचांनी ही रकाने भरल्याशिवाय वस्तू यादीत घेऊ नये. त्यांच्याकडे पायातल्या बुटाच्या मापाचे अकरा रकाने असतात, चिपच्या पिढीचा एक सहज मावेल.

एसएमपीएसचा उल्लेख आला तर तिथे थोडे थांबायला हवे, कारण काटकसरीची कुऱ्हाड बहुधा त्यावरच पडते. प्रोसेसरवर महिनाभर वाद घालणारा मुलगा डब्यासोबत फुकट आलेल्या ‘४५० वॉट’च्या अनोळखी एसएमपीएसवर आख्खे मशीन उभे करतो. वीज वर-खाली झाली आणि तो बिघडला की जाताना मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो. नामांकित कंपनीचा एसएमपीएस आणि जमल्यास यूपीएस हा खर्च प्रोसेसरमधल्या कोणत्याही फरकापेक्षा आधी करायचा. आणि एक तपासणी विनाखर्चाची. चालू कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराला अर्थिंग नाही किंवा ते तुटले आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या डब्याकडे जोडलेले छोटे कपॅसिटर असतात; अर्थिंग नसेल तर डबा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी थोडा असल्याने नुसती चुणचुण होते. पण आत खरोखरच तार सुटून डब्याला टेकली तर वाचवणारे अर्थिंगच नसते. जुन्या चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास आढळते. दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर लावून काम भागवणे हा त्यावरचा उपाय नाही, इलेक्ट्रिशियनला बोलावणे हा आहे.

उन्हाळ्याचेही गणित आहे. पंखा चिपला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच चढते. परदेशी चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. चंद्रपूर किंवा अकोल्यात मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पत्र्याखालच्या खोलीत चाळीस. दोन्ही चिपा नव्वद ते शंभर अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात, त्यामुळे जळत नाहीत. ६५ वॉट हा आकडाही पूर्ण खरा नाही: जोर लागला की ५६०० अधिकृतपणे ७६ वॉटपर्यंत जाते आणि १२४००एफ ११७ पर्यंत, बोर्डाने परवानगी दिली तर. खेळताना मात्र दोन्ही याहून बऱ्याच कमी विजेवर चालतात. विजेच्या बिलाची चिंता असेल तर हिशेब सोपा आहे. आख्खे मशीन खेळताना २५० वॉट घेत असेल आणि रोज चार तास चालले तर दिवसाला एक युनिट, महिन्याला तीस. दोन प्रोसेसरांत पंधरा वॉटांचा फरक धरला तरी महिन्याला दोन युनिटही होत नाहीत. पण ते २५० वॉट शेवटी उष्णता होऊनच खोलीत उतरतात. दहा बाय दहाच्या बंद खोलीत मेमध्ये चार तास म्हणजे छोटा हीटर लावून बसण्यासारखे आहे, आणि ते चिपपेक्षा समोर बसलेल्याला आधी जाणवते. डबा भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीवरच्या धुळीपासून वर आणि महिन्या-दोन महिन्यांनी जाळ्या साफ, एवढे केले तरी खोक्यातला पंखा पुरतो.

शेवटी दुकानात. चिप सीलबंद खोक्यात मागावी. खोक्यातल्या चिपला दोन्ही कंपन्या तीन वर्षांची वॉरंटी देतात. ‘ट्रे’तून सुटी विकलेली थोडी स्वस्त पडते, पण तिची जबाबदारी कंपनी थेट गिऱ्हाइकाकडे घेत नाही आणि सोबत पंखाही येत नाही. जुना बी-४५० बोर्ड ५६००साठी घेत असाल तर त्याचे बायोस अपडेट केले आहे का, हे तिथेच मशीन चालू करून पाहावे. मशीन जोडून झाल्यावर टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि रॅमचा वेग वाचावा, तो बिलाशी ताडून घ्यावा. बिल जीएसटीचे असावे आणि त्यावर ‘आय-फाइव्ह सीपीयू, एक नग’ एवढेच लिहिले असेल तर ते परत देऊन पूर्ण मॉडेल, सिरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून मागावी. दुकानदार नाही म्हणाला तर शेजारी दुसरे दुकान असते. बिल झाल्यावर वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.